रुपेरी रंगाखालचं बेअरिंग

अडतीस. एकोणचाळीस. अडतीस. चोपन्न. चाळीस.

नीलेश एकेका मशीनवर हातातली तापमान मोजायची गन रोखत होता, आकडा मोठ्यानं वाचत होता आणि प्रत्येक आकड्यानंतर माझ्याकडे बघत होता. दोन्ही बाजूंना जिन धडधडत होते. हवेत रुईचे तंतू तरंगत होते, ते नाकात, पापण्यांवर, कागदावर सगळीकडे बसत होते. रांग संपल्यावर त्यानं गन खिशात टाकली.

"बघा मॅडम. सगळी बेअरिंग्ज कूल. लिमिट सत्तरची आहे. आग लागली त्या दिवशीही सकाळी मी स्वतः चेक केलं होतं. बेअरिंगचा प्रॉब्लेमच नव्हता."

बेअरिंगचा नव्हता, म्हणजे माणसाचा होता. आणि मी तेवढंच लिहून द्यावं म्हणून मला अमरावतीहून बोलावलं होतं.

आधी माझं काम सांगते. मी मेकॅनिकल इंजिनीअर. कारखान्यांमध्ये जाऊन कुठलं मशीन, कुठली वायर, कुठला जोड नको तितका तापतोय ते शोधणं हा माझा धंदा. त्याला थर्मोग्राफी म्हणतात. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत हायवेच्या दोन्ही बाजूंना ज्या जिनिंग आहेत, त्यातल्या बऱ्याच माझ्या पायाखालच्या. जिनिंगमध्ये शेतातून आलेल्या कापसातली सरकी वेगळी करतात आणि रुई वेगळी काढतात. ते करणारं मशीन म्हणजे जिन. फिरणारा प्रत्येक दांडा ज्यावर टेकून फिरतो ते बेअरिंग, आणि बेअरिंगभोवतीचं ओतीव लोखंडाचं घर म्हणजे हाऊसिंग. कापसाच्या कारखान्यात तापलेलं बेअरिंग म्हणजे गवताच्या गंजीशेजारी ठेवलेला निखारा. हे तिथे झाडणाऱ्या बाईलाही माहीत असतं.

त्या जिनिंगमध्ये आठवडाभरापूर्वी सात नंबरच्या जिनला आग लागली होती. ती हॉलभर पसरायच्या आत विझली. कोणी दगावलं नाही. इन्शुरन्सवाल्यांना कारण लेखी हवं होतं, आणि कारण मालकांनी, म्हणजे शेठजींनी, आधीच ठरवून ठेवलं होतं. यूसुफभाई बीडी पीत होते.

यूसुफभाई म्हणजे तिथले तेलवाले. मशीनांना तेल-ग्रीस घालणं हे त्यांचं काम. मी आत येताना ते गेटाजवळच्या ओट्यावर बसलेले दिसले होते. दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या, आणि हात मांडीवर उताणे ठेवले होते. आत येऊ द्यायचं नाही असा हुकूम होता, पण घरी जावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल म्हणून ते रोज येऊन तिथेच बसत. पोलिसांकडे द्यायची तक्रार टाइप होऊन शेठजींच्या टेबलावर पडली होती. माझा रिपोर्ट जोडला की ती जाणार होती.

शेठजींनी चहा पाजला, पंखा माझ्याकडे वळवला आणि मुद्द्यावर आले.

"मॅडम, तुमी दोन ओळी लिहून द्या, का बेअरिंग बराबर होती. बाकीचं आमी पाहून घेऊ."

"यूसुफभाईंना बीडी पिताना पाहिलं कोणी?"

"पाहाले कशाले लागते? बेअरिंग थंडी, वायर बराबर. मंग आग का आभायातून पडली?"

कापसाच्या धंद्यात 'बीडीवाला' असा शिक्का एकदा बसला, की अकोल्यापासून अमरावतीपर्यंत त्या माणसाला कोणी गेटातून आत घेत नाही. हे शेठजींना माहीत होतं, मला माहीत होतं आणि ओट्यावर बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त माहीत होतं. शिवाय नाव यूसुफ असल्यामुळे ती गोष्ट ऐकणाऱ्याला जरा लवकर पटत होती. हे कोणी बोलत नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. माझं डोकं तिथेच तापायला सुरुवात झाली.

नीलेश हा शेठजींचा भाचा. पुण्याला शिकून आला, दोन वर्षांपासून मॅनेजर आहे. मुलगा वाईट नाही. पण आकडा दिसला की ज्याचा विचार थांबतो, अशातला आहे. चोपन्न हा आकडा त्यानं वाचला, मी ऐकला, आणि फरक एवढाच की मी तिथे थांबले.

बाकीची सगळी अडतीस-चाळीस. तसंच मशीन, तोच वेग, तोच कापूस. मग नऊ नंबरचंच चोपन्न कसं? गन चुकीची आहे असं धरलं तरी एक बेअरिंग बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे हे ती ओरडून सांगत होती. पण कागदावर 'सत्तरच्या आत' असं लिहिलं होतं ना. झालं. सत्तरच्या आत आहे म्हणजे सगळं गोड.

मी नऊ नंबरपाशी गेले. हाऊसिंग असं चमकत होतं, की नुकतंच भांड्यांच्या दुकानातून आणलंय असं वाटावं. सगळीच हाऊसिंग चमकत होती. त्यावर सुकलेली आपट्याची पानं चिकटलेली होती, स्विचबोर्डावर झेंडूची वाळलेली माळ होती.

"रंग केव्हा दिला?"

"दसऱ्याला," नीलेश म्हणाला. "दर वर्षी देतो. सीझन सुरू व्हायच्या आधी मशीनपूजा असते. सगळं सिल्व्हर करून घेतो. क्लीन दिसतं."

आता इथे थोडं समजावून सांगते, कारण सगळं प्रकरण यातच आहे.

कुठलीही तापलेली वस्तू डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर टाकत असते. ती गन वस्तूला हात लावत नाही. ती फक्त हे किरण गोळा करते आणि त्यावरून वस्तू किती गरम असावी याचा अंदाज बांधते. पण सगळे पृष्ठभाग सारखे किरण टाकत नाहीत. जो पृष्ठभाग बाहेरून आलेले किरण चांगले शोषून घेतो, तोच स्वतःचेही चांगले बाहेर टाकतो. आणि जो आलेले किरण परतवून लावतो, तो स्वतःचेही जवळ धरून बसतो. घरात करून बघा. पोळ्या झाल्यावर काळ्या तव्याच्या बाजूला हात नेला, तर वीतभर अंतरावरूनही धग जाणवते. शेजारी तेवढंच तापलेलं घासूनपुसून लख्ख केलेलं स्टीलचं पातेलं असेल, तर काहीच जाणवत नाही. धरायला जाल तेव्हा बोटं भाजतात.

चंदेरी रंगात ॲल्युमिनिअमची बारीक भुकटी असते. तो रंग दिलेलं हाऊसिंग म्हणजे ते लख्ख पातेलं. आतून तापतं, पण गनला सांगत नाही. उलट आजूबाजूच्या भिंतींकडून, पत्र्याकडून येणारे किरण आरशासारखे परतवतं, आणि गन त्यांनाच बेअरिंगचे समजून मोजते. पांढऱ्या रंगाचं असं होत नाही, लाल-हिरव्याचंही नाही. या कामात खोटं बोलतो तो चंदेरी. आणि गंमत म्हणजे तेलकट, धुळीनं माखलेलं बेअरिंग गनला बरंच खरं सांगतं. नीलेशनं ती घाण आधी खरवडून घेतली होती, वर रुपेरी थर देऊन घेतला होता, आणि मग गन विकत घेतली होती.

मी बॅगेतून काळी इन्सुलेशन टेप काढली. वायरमन वापरतात तीच. तिचा एक तुकडा हाऊसिंगवर नीट दाबून चिकटवला, टेप लोखंडाएवढी तापेपर्यंत थांबले, आणि नीलेशला म्हटलं, आता तुमचीच गन धरा. आधी रंगावर. मग जवळून टेपवर.

रंगावर चोपन्न. टेपवर त्र्याण्णव.

त्यानं गन झटकली. परत धरली. त्र्याण्णव. मग मी माझा तारेचा थर्मामीटर काढला, जो प्रत्यक्ष टेकवून मोजतो. त्यानं त्र्याण्णवच्या आसपासच सांगितलं. नीलेशचा चेहरा रुईसारखा झाला.

त्र्याण्णवला कापूस पेट घेत नाही, हे मीच सांगते. पण त्र्याण्णववर ग्रीस पातळ होऊन निथळायला लागतं. ते निथळलं की लोखंडावर लोखंड घासतं. मग तो आकडा चढायला वेळ लागत नाही, आणि हाऊसिंगवर रुईचे तंतू बसलेलेच असतात.

त्या जिनपाशी कापसातली कवडी, म्हणजे किडकी डागाळलेली बोंडं, आणि कचरा वेचत एक बाई बसली होती. शेवंताबाई तिचं नाव. तिच्या गुडघ्यापर्यंत कापूस होता. पाठ बेअरिंगकडे होती, हातभर अंतरावर.

"हे मशीन बंद करा," मी म्हटलं.

नीलेशनं मामांकडे बघितलं. शेठजी तेवढ्यात आत आले होते.

"सीझन हाये मॅडम," ते म्हणाले. "भाईर गाड्यायची लाइन लागून हाये. संध्याकाळी पाहू न."

मला राग लवकर येतो, हे माझ्या घरचेही सांगतील. पण हा राग निराळा होता. त्या बाईच्या पाठीशी काय तापून राहिलंय हे आत्ता, यांच्या डोळ्यांसमोर, यांच्याच गननं सांगितलं होतं, आणि यांना गाड्यांची लाइन दिसत होती. मी पुढे झाले आणि लाल बटण दाबलं. जिन घरघरत थांबला. शेवंताबाईंना म्हटलं, उठा, तिकडे दाराजवळ बसा. शेठजी काहीतरी बोलले. ते मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी उपयोग नव्हता.

फिटरला बोलावून हाऊसिंग उघडलं. तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी बेरी उरते, तसं काळपट, कोरडं काहीतरी आत होतं. ते ग्रीस होतं. मग मी सात नंबरचं, म्हणजे आग लागलेल्या जिनचं बेअरिंग मागितलं. ते भंगारात टाकलंय म्हणाले. भंगाराचा ड्रम मागेच होता. मी स्वतः हात घालून ते काढलं. आतली कडी, जी दांड्याला घट्ट बसलेली असते, ती निळी पडली होती. लोखंड फार म्हणजे फारच तापलं की त्यावर तशी निळी झाक येते. बाहेरची कडी त्यामानानं साधी, नुसती काजळलेली. दोन्ही कड्यांमधल्या गोळ्या धरून ठेवणारी पट्टी तुटून तिचे तुकडे झाले होते. बाहेर पडलेल्या बीडीनं आग लागली असती, तर बाहेरची बाजू जास्त भाजली असती. इथे उष्णता आतून बाहेर आली होती.

मी ते बेअरिंग तसंच उचलून शेठजींच्या टेबलावर, त्या टाइप केलेल्या तक्रारीवर ठेवलं. कागदाला काळा डाग पडला.

समजावून सांगितलं. तवा, पातेलं, टेप, सगळं. नीलेश खाली मान घालून उभा होता. शेठजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं. मग ते म्हणाले,

"म्हंजे रंगानं घोटाळा केला."

"हो."

"मंग रंग तं यूसुफच मारते दरसाल. त्याचा हात साफ हाये म्हणून त्यालेच देतो. म्हंजे फिरून त्याचीच चूक झाली न."

मी इतक्या वर्षांत मालकांची हर तऱ्हा पाहिली आहे. बिल बुडवणारे पाहिले, रिपोर्ट बदलून मागणारे पाहिले. पण एका दारातून सुटलेल्या माणसाला त्याच क्षणी दुसऱ्या दारातून आत ओढायची ही चपळाई पाहून माझे कान गरम झाले. आवाज चढला तो चढलाच.

"रंगाचा डबा कोणी आणला?" मी विचारलं. "मारायला कोणी सांगितला? गन कोणी विकत घेतली? गनसोबत आलेलं माहितीपत्रक कोणी वाचायचं होतं, यूसुफभाईंनी? त्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, चकचकीत पृष्ठभागावर वापरू नका."

 

मी बाहेर ओट्याकडे गेले. शेवंताबाई तिथे आधीच पोचल्या होत्या आणि पदरानं यूसुफभाईंच्या पट्टीवरची माशी हाकलत होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "आग त्यायनं हातानं वढली, मॅडम. पेटला कापूस कवेत घेऊन भाईर फेकला. आमी तं पयालो. हे कोनी लिहिलं का त्या कागदावर?"

लिहिलं नव्हतं. तो कागद मी वाचला होता.

यूसुफभाईंना मी सांगितलं, बीडीचं मिटलं. बेअरिंग आतून तापलं होतं, रंगामुळे गनला कळलं नाही.  साठीच्या घरातला माणूस. मिसरूड फुटायच्या वयात या गेटातून आत आलेला. दसऱ्याला सगळी मशीनं रंगवून झाली की पूजेचा पहिला पेढा शेठजींच्या वडिलांच्या काळापासून यूसुफभाईंनाच मिळायचा, हे मला नंतर कळलं.

"मी बीडी पेतच नाई जी," ते म्हणाले. "तंबाखूचा खर्रा खातो, थो बी गेटाच्या भाईर." मग त्यांनी हातांकडे बघितलं. "म्हंजे मॅडम, माह्याच रंगानं लागली का आग?"

शेठजींनी तेच विचारलं होतं तेव्हा मी भांडले होते. यांनी विचारलं तेव्हा मला भांडायलाही कोणी नव्हतं. मी म्हटलं, नाही. आग ग्रीस सुकल्यानं लागली. रंगानं फक्त झाकलं. आणि झाकणारा रंग द्या असं तुम्हाला सांगणाऱ्याला ते माहीत असायला हवं होतं.

"मी दोन हात देल्ले यंदा," ते म्हणाले. "चांगलं दिसावं म्हणून."

रिपोर्ट मी तिथेच बसून लिहिला. जिनचं बेअरिंग, सुकलेलं ग्रीस, चंदेरी रंग, गन चुकीच्या पद्धतीनं वापरली, एकाच रांगेतल्या आकड्यांची तुलना केली नाही. शेवटी लिहिलं, की आग तेलवाल्यानं स्वतःच्या हातांनी विझवली. नीलेशनं वाचून विचारलं, मॅडम, गनचं असं लिहिणं गरजेचं आहे का? मी म्हटलं, बीडीचं लिहिणं गरजेचं होतं का?  शेठजींनी तक्रारीचा कागद माझ्यासमोर फाडला. माफी वगैरे कोणी मागितली नाही. यूसुफभाईंना उद्यापासून आत या म्हणून निरोप गेला, जणू ते सुट्टीवर होते.

एक काम मी करून घेतल्याशिवाय निघाले नाही. प्रत्येक हाऊसिंगवर रुपयाएवढा काळा ठिपका लावायचा, आणि गन फक्त त्या ठिपक्यावर, जवळून धरायची. शेठजी कुरकुरले. पूजेच्या रंगावर काळं कुठे लावता? मी म्हटलं, मग पांढरा लावा, हिरवा लावा, चंदेरी सोडून कुठलाही लावा. पण शेवंताबाईंनी तोवर काळ्या ऑइलपेंटच्या डबीत बोट बुडवलं होतं. "लेकराले नाई का तीट लावत," असं म्हणत त्या रांगेनं ठिपके देत निघाल्या. यूसुफभाई पट्टीबांधल्या हातांनी मागून चालत दाखवत होते, इथं, जरा वर, आता बराबर. मी निघताना शेवंताबाईंनी माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून घेतला आणि लगेच एक मिस्ड कॉल दिला.

पुढचं पूर्ण वर्ष त्या जिनिंगमधून मला काम आलं नाही. ते अपेक्षितच होतं. या दसऱ्यानंतर काही दिवसांनी नीलेशचा मेसेज आला. सीझन सुरू झाल्याचा फोटो, हात जोडलेले. मी फोटो मोठा करून बघितला. दोन्ही रांगा आरशासारख्या चमकत होत्या. एकाही हाऊसिंगवर ठिपका नव्हता.

मी फोन केला. यूसुफभाई कुठे आहेत?

"ते गेले सोडून, मॅडम. ठिपके तसेच ठेवून रंगवतो म्हणाले, नाहीतर ब्रश धरत नाही. मामा म्हणाले पूजेचे फोटो खराब दिसतात. फार हट्टी माणूस. चांदूर बाजारच्या एका जिनिंगनं घेतलं त्यांना."

घेतलं, म्हणजे गेट उघडलं. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

"नऊ नंबरवर कोण बसतं आता?"

"शेवंताबाईच. का हो?"

"रीडिंग काय येतंय?"

"अडतीस, एकोणचाळीस," तो म्हणाला. "नऊ नंबर जरा जास्त आहे. पण सत्तरच्या आतच आहे, मॅडम. एकदम कूल."

मी त्याला नऊ नंबर ताबडतोब बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, मामांना विचारतो. मी फोन ठेवला आणि शेवंताबाईंना लावला. पहिल्यांदा वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला, मागे जिनची धडधड. मी ओरडून सांगितलं, लाल बटण दाबा आणि तिथून उठा. त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही. फोनमधली धडधड थोडी कमी झाली, आणि मग त्या म्हणाल्या, "दाबलं. आता सांगा."

चकचकीत गोष्टीला तिचा ताप विचारू नये, हे मी आता प्रत्येक कारखान्यात गेल्या गेल्या सांगते. सगळे मान डोलावतात. दसरा आला की रंगाचा डबा उघडतात.